खुर्चीत बसून सांगितलेली पूजा

गुडघा बदलून घेतलेल्या माणसाला सारखे फोन येतात. "तुमचं कसं झालं? आमच्या हिचं करायचंय." प्रत्येकाला तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून हे लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. गुडघ्यात काय बसवतात, कुठल्या धातूचं असतं, हे तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. त्यांनी नाही सांगितलं तर तुमचा भाचा मोबाइलवर बघून सांगेल. मी फक्त माझ्यावर गुदरलेलं सांगणार आहे.

आधी मी कोण ते. मी कसबा पेठेत राहते आणि पौरोहित्य करते. मुलगा कॉलेजात गेल्यावर घरात करमेना, म्हणून पौरोहित्याच्या वर्गाला नाव घातलं. तेव्हापासून सत्यनारायण, वास्तुशांत, मंगळागौर, लग्नं सगळं सांगते. लोक मला 'बाई गुरुजी' म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणत, आता सवयीनं म्हणतात.

हे काम मांडी घालून करायचं. वास्तुशांत म्हटली की अर्धा दिवस जमिनीवर जातो, मधे वाकायचं, मांडामांड करायची, आरतीला उठायचं आणि पुन्हा बसायचं. पंचावन्नाव्या वर्षापर्यंत गुडघ्यांनी तक्रार केली नाही. मग उजवा कुरकुरायला लागला. उठताना आधी मी चौरंगाची कड धरायची, मग भिंत, मग यजमानांचा हात. एकदा तर आरतीच्या वेळी दोघांनी मला बगलेत हात घालून उभं केलं. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "गुरुजींची उत्तरपूजा आधीच उरकलीत की काय?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

काय देणार आणि काय नाही

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, पण आधी मला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. मी खुर्चीतून उठले कशी, पहिलं पाऊल कोणतं टाकलं, हे ते चष्म्यावरून बघत होते.

"जिना?"

"एकेक पायरी. कठडा धरून."

"झोप?"

"लागते आणि कूस बदलली की मोडते."

"बरं. तुम्हाला काय करता यायला हवंय?"

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. सगळे 'किती दुखतं' एवढंच विचारत. मी म्हणाले, "मांडी घालून बसता यायला हवं. माझं कामच ते आहे."

ते म्हणाले, "ऑपरेशन केलं तर चालणं मिळेल. जिना मिळेल. झोप मिळेल. मांडीचं मात्र मी कबूल करणार नाही. खाली जमिनीवर बसायचं नाही, असंच सांगणार."

"मग मला उपयोग काय त्याचा?"

"ते तुम्ही ठरवायचं. कुणाच्या मागे लागून ऑपरेशन करायची मला हौस नाही. आधी व्यायाम करा, वजन उतरवा. त्यानं भागलं तर माझं तोंडही बघू नका."

बाहेर हे बसले होते. हे म्हणजे माझे यजमान, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "झालं तर मग. मांडी जमणार नाही, तर पूजा बंद. माझ्यासारखी तूही निवृत्त हो." त्यांना वाटलं, प्रश्न सुटला. मला वाटलं, कुणीतरी माझ्या हातातली पळी काढून घेतली.

मला घरी बसायचं नव्हतं. लंगडत का होईना, मला परत पूजा सांगायच्या होत्या. पुढे जे जे केलं, शहाणपणाचं आणि मूर्खपणाचं, ते सगळं त्यासाठी केलं.

चालढकल

व्यायामानं थोडं भागलं. मग भागेनासं झालं. तरी मी ऑपरेशन पुढे ढकलत राहिले, कारण आमच्या वर्षात रिकामा महिनाच नसतो. श्रावणात सत्यनारायण आणि मंगळागौरी, मग गणपती. पक्ष पंधरवड्यात श्राद्धं. नवरात्र झालं की दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. प्रत्येक वेळी मी डॉक्टरांना म्हणायची, एवढं होऊ द्या.

शेवटी ते म्हणाले, "तुमच्या पंचांगात गुडघ्याला महिना नाही. मी देतो तो घ्या." मी वार विचारला. "गुरुवार. त्या दिवशी माझं थिएटर मोकळं आहे, त्याहून चांगला मुहूर्त मला माहीत नाही."

खराडीहून मुलगा आला. आयटीतला आहे, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो. "आई, सर्जरीनंतर ऑनलाइन पूजा सुरू कर ना. लॅपटॉप टेबलवर, तू खुर्चीवर. सिंपल." मी विचारलं, "आणि तीर्थ कसं देऊ, डाउनलोड करून?" तो हसला आणि त्यानं ॲडमिशनचं सगळं स्वतःकडे घेतलं, हेही सांगायला हवं.

बिब्बा

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात वाईहून वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. ऐंशीच्या जवळ आल्यात आणि अजून खाली बसून भाजी निवडतात. त्यांनी माझा गुडघा दाबून पाहिला आणि निकाल दिला, "वातच आहे. कापाकापी कशाला? बिब्बा घालते. माझ्या सासूबाई बिब्ब्यावर शेवटपर्यंत मांडी घालून बसत होत्या."

शेवटपर्यंत मांडी. एवढ्या दोन शब्दांवर मी विरघळले. गुडघा वाचला तर मांडी वाचेल आणि मांडी वाचली तर माझं काम वाचेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे बाहेर गेले होते. वन्संनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि निथळलेल्या तेलाच्या फुल्या माझ्या गुडघ्यावर ओढल्या. संध्याकाळपर्यंत खाज आली. सकाळी गुडघाभर फोड होते. बिब्बा चांगलाच उतला होता.

दवाखान्यात मी साडी वर केली. डॉक्टर बघत राहिले.

"हे काय?"

"बिब्बा."

"कुणी घातला?"

"नणंदेनं."

"त्या कुठे प्रॅक्टिस करतात?"

ह्यांना हसू आवरेना. डॉक्टर मात्र हसत नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे ऑपरेशन रद्द केलं. "कातडी पूर्ण बरी झाल्याशिवाय मी आत काहीही बसवणार नाही. या फोडांतून जंतू आत शिरला तर नवा बसवलेला गुडघा परत काढायची वेळ येते. तुम्हाला ते हवंय का?"

मग त्यांनी मला पहिल्यांदा नीट समजावलं, आणि हे मी सगळ्यांना सांगते. किडका दात असेल, लघवीला जळजळ असेल, पायाला भेग पडून पू आला असेल, साखर वाढली असेल, तर ते ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगा. लाजून किंवा तारीख जाईल म्हणून लपवू नका. आणि कसलाही लेप, चटका, मालीश त्यांना विचारल्याशिवाय नको. त्या लेपामागे कितीही माया असली तरी नको.

वन्संना मी काही बोलले नाही. त्या स्वतःच देवापुढे बसून पुटपुटत होत्या, "चांगलं करायला गेले." त्यांच्यावर मला राग आला होता, पण त्यांना तसं बघून तो टिकला नाही. फोड सुकायला बराच काळ गेला. तेवढ्या काळात मांडीची आशाही सुकली, आणि त्याचा फायदा असा की पुढची तारीख मिळाली तेव्हा मी पंचांग उघडलं नाही.

ठोकाठोक

कंबरेत इंजेक्शन देतात. कंबरेखालचं शरीर आपलं राहत नाही. मला झोपेचंही काहीतरी दिलं होतं, पण मध्येच जाग आली आणि ठक ठक ठक असा आवाज ऐकू आला. आमच्या पेठेत तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर अजून आहेत, त्यामुळे क्षणभर वाटलं मी घरीच आहे. मग कळलं, पडद्यापलीकडे माझ्याच हाडावर ठोकत आहेत. दुखत काहीच नव्हतं. भीती मात्र अशी वाटली की वर्षानुवर्षं पाठ असलेले मंत्र आठवेनात. डोक्याशी उभ्या असलेल्या भुलेच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अर्ध्याहून जास्त झालंय." त्या हाताची मी अजून आठवण काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उभं करतात. मला वाटलं होतं, निदान आठवडाभर तरी झोपू देतील. यवतमाळकडची शीतल नावाची सिस्टर वॉकर घेऊन आली.

"उठा काकू."

"उद्या उठते."

"काहून भिता जी? मी धरून आहो ना. पडल्या तं दोघी पडू."

पाय जमिनीला टेकवला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुखणं नवीन होतं. जुन्या दुखण्याची मला सवय होती, त्याच्याशी माझी ओळख होती, आणि हे कुठूनही येत होतं. तरीही मी वॉकर धरून न्हाणीपर्यंत गेले. बेडपॅन सुटलं. ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांना कळणार नाही, पण आपल्या पायांनी न्हाणीत जाण्यासारखं सुख नाही. शीतलनं माझी वेणीही घालून दिली. तेवढ्यानं मी माणसात आले.

उशी

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला चार पायऱ्या आहेत. बांधणाऱ्याच्या बुद्धीला मनात नमस्कार करून मी त्या चढले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवायचा, म्हणजे गुडघा सरळ होतो. ह्यांनी ते ऐकलं होतं. पण मी कण्हायला लागले की त्यांच्यानं राहवत नसे. माझा डोळा लागला की ते हळूच गुडघ्याखाली मऊ उशी सरकवत. मला बरं वाटे, मी बोलत नसे. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. व्यायाम करून घ्यायला येणारी मृणाल एक दिवस म्हणाली, "काकू, वाकतोय छान, पण सरळ का होत नाहीये? असाच राहिला तर जन्मभर लंगडाल." तेवढ्यात तिला उशी दिसली.

"काका, ही कुणाची?"

हे अपराध्यासारखे उभे. मृणाल म्हणाली, "माया करा, पण टाचेखाली."

ती गेल्यावर आमचं भांडण झालं. मी म्हणाले, तुम्हाला माझं बरं व्हायला नकोच आहे, मी घरी बसलेली हवी आहे. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "तू रात्रंदिवस कण्हतेस आणि मी काय बघत बसू? तुझ्या त्या पूजांपायी गुडघे गेले, आता परत त्याच पूजांसाठी हा जीव काढतेस. मला बघवत नाही." एवढं बोलून ते स्वयंपाकघरात गेले आणि खिचडी करपवली.

पूजांनी गुडघे गेले हे काही खरं नव्हतं. माझ्या आईचेही गेले होते आणि तिनं जन्मात पूजा सांगितली नाही. पण 'मला बघवत नाही' हे खरं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात ते त्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं. करपलेली खिचडी आम्ही दोघांनी गुपचूप खाल्ली. त्यानंतर मृणाल गुडघा दाबायला आली की हे गच्चीवर निघून जात आणि माझं ओरडणं थांबलं की चहा घेऊन येत. उशी त्यांनी स्वतःच माळ्यावर टाकली.

व्यायामाबद्दल एकच सांगते. जो दिवस चुकवाल तो परत येत नाही. गुडघा त्या सुरुवातीच्या दिवसांत वळतो तसा नंतर वळत नाही. रडत करा, शिव्या देत करा, पण करा. मी तर मृणालला संस्कृतात शिव्या द्यायची, तिला वाटायचं काकू स्तोत्र म्हणताहेत.

देव वर घ्या

काठी सुटली, जिना जमला, रात्रीची झोप लागायला लागली. मग मी जुन्या घरांना फोन केले, की येऊ शकते, फक्त बसायला खुर्ची लागेल. वर्षानुवर्षं मी जिथे जाते त्या घरच्या बाई म्हणाल्या, "खुर्चीत बसून? देवासमोर? बरं नाही दिसत हो. आपण आराम करा, आम्ही आपली काळजी म्हणूनच म्हणतोय." पुण्यात नकार असा शालीत गुंडाळून मिळतो. दुसऱ्यांनी 'कळवतो' म्हटलं. मला खरंच वाटलं की सगळं वाया गेलं. चालता येतं, पण जायचं कुठे?

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना धीर करून विचारलं, "थोडा वेळ खाली बसले तर?"

"बसतात काही जण. मला कळू देत नाहीत. तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, या गुडघ्यावर नको. खाली बसण्यापेक्षा खालून उठताना त्याचे जास्त हाल होतात." मग लिहिता लिहिता म्हणाले, "तुम्हाला खाली जाता येत नाही तर देवाला वर घ्या. आमच्या आईचे देव मी ओट्याच्या उंचीवर आणलेत. देवांनी तक्रार केलेली नाही."

वाटेत रिक्षात मी विचार करत होते. आसन स्थिर असावं, असं आम्हाला शिकवलं होतं. ते जमिनीवरच असावं, असं कुणी सांगितलेलं आठवेना. मी इतकी वर्षं दुसऱ्यांना अडचणीतून वाट काढून देते. दर्भ नाही मिळाला तर काय, सुपारी नाही मिळाली तर काय. स्वतःसाठी तेवढंच करायचं होतं.

घरी ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोजायची टेप काढली. मला खुर्चीत बसवलं, माझा हात किती पुढे जातो ते मोजलं, कागदावर आकृती काढली. दोन दिवसांनी पाय मिटणारं एक टेबल घरात आलं. त्यावर चौरंग ठेवला की देव माझ्या छातीच्या वर येत. "देव गुरुजींपेक्षा उंच पाहिजे, नाहीतर लोक बोलतील," हे म्हणाले. मी म्हटलं, निवृत्त व्हायचं काय झालं? "ते तुझ्यानं व्हायचं नाही, हे मला कळलंय."

धायरी

पहिलं बोलावणं धायरीहून आलं. नवीन फ्लॅटचा सत्यनारायण. तिथल्याच जुन्या शेतकरी घरातला प्रकाश नावाचा मुलगा फोनवर म्हणाला, "खुर्ची हाय की बाई. किती पाहिजेत?" मी म्हटलं, यजमानांनाही खुर्चीच द्या, म्हणजे सगळे एका उंचीवर. त्यावर तो म्हणाला, "मग आमच्या आक्कांना बसवता येईल का? त्यांना खाली बसता येत न्हाई म्हणून त्या पूजेला बसतच न्हाईत. आम्हीच नवरा-बायको बसतो."

आक्का म्हणजे त्याची आई. मी टेबल घेऊन पोहोचले तेव्हा त्या आत पलंगावर बसल्या होत्या, दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेले. नवी साडी नेसल्या होत्या, पण बाहेर यायला तयार नव्हत्या. "बाई, माझं काय आता वय हाय का? सुनेला बसवा." मी त्यांना माझा हात दिला. ज्या हाताला वर्षभर दुसऱ्याचा हात लागत होता, तो मी दुसऱ्याला दिला, आणि माझा गुडघा हलला नाही.

त्या आल्या. दादांच्या, म्हणजे नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली. एक काका मोठ्यानं म्हणाले, "ही कसली साहेबी पूजा?" मी म्हटलं, "देव सगळ्यांत वर आहे, तो बघा. साहेब तोच." दादा हसले.

संकल्पाला मी म्हणाले, "आक्का, दादांच्या हाताला हात लावा." त्यांनी लावला. पाणी सोडून झालं, मी पुढे गेले, कलश झाला, पंचामृत झालं, तरी त्यांनी हात काढला नाही. हात काढा असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. पूजा तशीच चालू ठेवली. कथा सांगितली. आरतीला मी उठले, एकटी, टेबलाला हातही न लावता, आणि तो क्षण कुणाच्याच लक्षात आला नाही. मला तेच हवं होतं. माझं काम मला परत मिळालं होतं.

प्रसाद घेऊन लोक पांगल्यावर आक्का नमस्काराला आल्या. त्यांना वाकता येईना. मी नको नको म्हणत होते. त्यांनी साडीवरून माझ्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो कपाळाला लावला.

"हाच का बदललेला?"

"हाच."

"आमच्याकडं समदी म्हणत्यात, करून टाका, काय दुखत न्हाई. प्रकाश म्हणतो, सून म्हणती. खरं सांगा बाई, दुखलं का?"

मागे प्रकाश उभा होता, मला डोळ्यांनी विनवत होता, की नाही म्हणा. मी आक्कांकडे बघितलं.

"लई दुखलं," मी म्हणाले. "ओरडले मी. नवऱ्याशी भांडले."

आक्कांनी माझ्या गुडघ्यावरचा हात काढला नाही. तो तिथेच ठेवून त्या मुलाकडे वळल्या. "प्रकाश, ह्यांच्या डॉक्टरचा नंबर घे," त्या म्हणाल्या. "आता जाते मी त्यांच्याकडं."